वॅकॉम इंटुओस प्रो मीडियम: टॅबलेट उत्तम, पण आधी सेटिंग मनासारखं लावून घ्या

ग्राफिक्स टॅबलेट म्हणजे संगणकाला जोडून पेनाने चित्र काढायची पाटी. तिच्या खोक्यावर जो आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो, तोच बहुतेक वेळा सगळ्यात कमी कामाचा निघतो. इंटुओस प्रोच्या बाबतीत तो आकडा आहे ८१९२. पेनावर दिलेला दाब इतक्या पातळ्यांत मोजला जातो, असा त्याचा अर्थ. पण ८-बिट चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक चॅनलला (लाल, हिरवा, निळा) पायऱ्याच २५६ असतात, आणि दाबानुसार ब्रशची जाडी बदलताना डोळ्याला त्यातले मोजकेच टप्पे जाणवतात. ४०९६ पातळ्यांचं पेन आणि ८१९२ पातळ्यांचं पेन, एवढ्या एका गोष्टीवरून हाताला फरक कळणं जवळपास अशक्य. फरक पडतो तो भलत्याच गोष्टींनी: अगदी हलका स्पर्श पेनाला कळतो की नाही, पेन तिरकं धरलंय हे कळतं की नाही, पृष्ठभाग किती अडवतो, आणि ड्रायव्हर, म्हणजे टॅबलेट आणि संगणक यांना जोडणारा प्रोग्राम, कसा लावलाय.

वॅकॉम कंपनीचा पीटीएच-६६० या क्रमांकाचा, स्वतःची स्क्रीन नसलेला मीडियम इंटुओस प्रो २०१७ साली आला. यातल्या पहिल्या तीन बाबतींत तो आजही खणखणीत आहे. चौथी बाब वापरणाऱ्याच्या हातात असते, आणि ‘पेन नीट चालत नाही’ या तक्रारींचं मूळ बहुतेकदा तिथेच सापडतं. म्हणून या परीक्षणात टॅबलेटइतकीच जागा ड्रायव्हरलाही दिली आहे.

अंगकाठी आणि आकाराची निवड

प्रत्यक्ष काम करणारं क्षेत्र २२४ × १४८ मिमी. चौकटीसकट टॅबलेट ३३८ × २१९ मिमी, जाडी ८ मिमी, वजन सुमारे ७०० ग्रॅम. पाठ अॅल्युमिनियमची, त्यामुळे जोरात टेकलं तरी वाकत नाही. एका बाजूला ८ बटणं आणि त्यांच्या मधोमध बोट फिरवायची टच रिंग. डावखुऱ्यांनी टॅबलेट १८० अंशांत फिरवायचा आणि ड्रायव्हरमध्ये बाजू बदलायची, एवढंच.

याच मालिकेतल्या स्मॉलचं क्षेत्र १६० × १०० मिमी आणि लार्जचं ३११ × २१६ मिमी. निवड टेबलाच्या मापावर करू नका, हात कुठून हलतो त्यावर करा. निव्वळ फोटोचं काम असेल तर हात मनगटातूनच हलतो: डाग काढणं, मास्कची (फोटोचा कुठला भाग दिसावा ते ठरवणाऱ्या थराची) कड घासणं, केसांच्या बटा मोकळ्या करणं. त्याला स्मॉल पुरतो, आणि कर्सर स्क्रीनच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायला हातही कमी फिरवावा लागतो. चित्र रंगवणाऱ्याला लांब वळणं कोपरातून काढायची असतात, तिथे स्मॉलवर रेघ तुटक आणि थरथरती येते. लार्जवर खांदाही कामाला लागतो. मोठे फटकारे मारणाऱ्याला ते सुख आहे, पण कीबोर्ड कुठे ठेवायचा हा प्रश्न उभा राहतो. दोन्ही कामं करणाऱ्याने मीडियमच घ्यावा.

पेनात बॅटरी नाही. टॅबलेटच्या पृष्ठभागाखालच्या तारांच्या जाळीतून विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार होतं, पेनातल्या कॉइलला त्यातूनच ऊर्जा मिळते आणि ती आपली जागा, दाब आणि कल परत कळवते. त्यामुळे पेन हलकं राहतं आणि कामाच्या मध्येच चार्जिंग संपलं असं होत नाही. याच तत्त्वाची दुसरी बाजू अशी, की टॅबलेटखाली लोखंडी पत्र्याचं टेबल, शेजारी स्पीकरचं चुंबक किंवा हलक्या प्रतीचा चार्जर असेल तर कर्सर जागच्या जागी थरथरू शकतो. असं दिसलं तर पेनाला दोष देण्याआधी टॅबलेट उचलून लाकडी फळीवर ठेवून बघा.

वर्तुळ काढा, अंडं येतं

खोक्यातून काढून जोडला की टॅबलेटचं सगळं क्षेत्र सगळ्या स्क्रीनवर ताणून बसवलं जातं. टॅबलेटचं प्रमाण साधारण ३:२, मॉनिटरचं १६:९. म्हणजे हाताने नीट गोल काढला तरी स्क्रीनवर आडवा लांबट अंडाकार उमटतो. फोटो सुधारणाऱ्याला हे महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही. चेहरा रंगवणाऱ्याची मात्र सगळी मापं चुकतात, आणि तो दोष स्वतःच्या हाताला देत बसतो.

उपाय ड्रायव्हरमधल्या मॅपिंगच्या पानावर आहे: ‘फोर्स प्रपोर्शन्स’ची खूण करा. १६:९ मॉनिटरवर मग २२४ × १२६ मिमी एवढंच क्षेत्र चालतं आणि खालची २२ मिमीची पट्टी मुकी होते. १६:१० मॉनिटरवर क्षेत्र २२४ × १४० मिमी राहतं, म्हणजे नुकसान फक्त ८ मिमी. हे नुकसान बिनदिक्कत सोसावं.

दोन मॉनिटर असतील तर गोष्ट आणखी बिघडते. शेजारीशेजारी ठेवलेले दोन १६:९ मॉनिटर मिळून ३२:९ होतात. प्रमाण राखून बसवलं तर टॅबलेटची जेमतेम ६३ मिमी उंची वापरात येते, न राखता बसवलं तर आडवी रेघ दुप्पट ताणली जाते. टॅबलेट एकाच मॉनिटरला बांधावा आणि एका बटणावर ‘डिस्प्ले टॉगल’ ठेवावं, म्हणजे पॅनेल दुसऱ्या मॉनिटरवर असली तरी एका टिचकीत तिकडे जाता येतं.

आणखी एक बारीक गोष्ट टेबलावरची. टॅबलेट मॉनिटरच्या बरोबर समोर आणि त्याला समांतर हवा. कीबोर्डला जागा करण्यासाठी तो उजवीकडे सरकवून जरासा तिरका ठेवला, की प्रत्येक आडवी रेघ तेवढीच तिरकी येते. कीबोर्ड टॅबलेटच्या डावीकडे नाहीतर वर ठेवा. टॅबलेट हलवू नका.

पेन, निब आणि पृष्ठभाग

प्रो पेन २ हा या टॅबलेटचा खरा ऐवज. हलका हात त्याला चटकन कळतो. छायेसाठी पेन नुसतं ओझरतं टेकवून फिरवलं तरी फिकट रेघ सलग येते, मध्येमध्ये तुटत नाही. आकड्यांच्या भाऊगर्दीत ही बाब कुणी छापत नाही, पण रंगवताना रोज तीच जाणवते. ६० अंशांपर्यंतचा कल पेन ओळखतं, मागच्या टोकाला खोडरबर आहे आणि अंगावर दोन बटणांची पट्टी.

ती पट्टी अंगठ्याखाली येते आणि नवशिक्यांकडून नको तेव्हा दाबली जाते. रंगवता रंगवता अचानक उजव्या क्लिकचा मेनू उघडत असेल तर कारण हेच. पेन थोडं फिरवून पट्टी तर्जनी आणि अंगठ्याच्या बेचक्यात येईल असं धरावं. खालच्या बटणावर पॅन (चित्र सरकवणं), वरच्यावर ऑल्ट ठेवणं सगळ्यात सोयीचं. फोटोशॉपमध्ये ब्रश हातात असताना ऑल्ट म्हणजे रंग उचलायचा आयड्रॉपर, आणि क्लोन स्टॅम्प किंवा हीलिंग ब्रश (चांगल्या जागेचा नमुना घेऊन डाग झाकणारी साधनं) हातात असताना ऑल्ट म्हणजे नमुना घ्यायची जागा. एकच बटण दोन्ही कामांना पुरतं.

पेनाच्या स्टँडच्या पोटात १० जादा निब, म्हणजे पेनाची बदलता येणारी टोकं, मिळतात: ६ साध्या, ४ फेल्टच्या. साधी निब कडक प्लास्टिकची. फेल्टची मऊ, जरा अडवणारी, कागदावर पेन्सिल चालवल्याच्या जवळ जाणारी, पण झिजायला फार उतावळी. पेन नेहमी एकाच कोनात धरलं जातं, त्यामुळे निब एका बाजूने घासून तिला सपाट पैलू पडतो. पैलू गुळगुळीत असेल तोवर हरकत नाही. त्याची कड धारदार झाली की ती पृष्ठभागावर ओरखडे काढायला लागते. नखाने कड चाचपून बघायची. नखाला अडकली तर निब बदलायची. स्टँडच्या तळाशी निब ओढून काढायचं भोक आहे, चिमटा शोधायची गरज नाही. नवी निब सरळ रेषेत आत सरकवा आणि पूर्ण बसल्याची खात्री करा. अर्धवट बसली तर दाब विचित्र मोजला जातो: पेन हवेत असतानाच रेघ उमटते किंवा जोर देऊनही ती जाड होत नाही.

काम संपल्यावर पेन मगमध्ये निब खाली करून उभं ठेवायची सवय असेल तर ती मोडा. आतल्या दाबमापकावर तासन्‌तास भार राहतो आणि पुढे पेन टेकवण्याआधीच दाब दाखवायला लागतं. आडवं ठेवा, नाहीतर स्टँडमध्ये.

पृष्ठभागाची गंमत अशी, की वरची पत्री बदलता येते. नितळ, मध्यम आणि खरखरीत असे तीन प्रकार आहेत आणि टॅबलेटसोबत मध्यम बसवून येते. खरखरीत पत्रीवर हात छान रोखला जातो, रेखाटनाला बहार येते, पण निब लवकर झिजतात. फेल्टची निब आणि खरखरीत पत्री ही जोडी ऐकायला छान आणि वापरायला खर्चीक. फोटोच्या कामाला नितळ किंवा मध्यमच बरी, कारण तिथे दिवसभर छोटे, फिरते, घासणारे फटकारे चालतात. काही महिन्यांच्या वापरानंतर पत्रीचा मधला भाग चकचकीत होतो आणि पेन तिथे सटकायला लागतं. डाव्या कोपऱ्यात रेघ एक येते आणि मध्ये दुसरी. तेव्हा पत्री बदलायची वेळ झाली समजा. जुनी सोलून काढल्यावर पृष्ठभाग कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा, आणि नवी एका कडेपासून हळूहळू दाबत बसवा. खाली धुळीचा कण राहिला तर त्या जागी प्रत्येक रेघ उडी मारते. रोजच्या सफाईला किंचित ओलं कापड पुरे. थिनर किंवा स्पिरिट लावू नये.

ड्रायव्हर: इथेच घोडं पेंड खातं

‘कर्सर हलतो, रेघही उमटते, पण दाब लागत नाही’ ही विंडोजवरची सगळ्यात सर्रास तक्रार. विंडोजवर पेनाची माहिती प्रोग्रामपर्यंत पोचायचे दोन रस्ते आहेत: जुना विनटॅब आणि नवा विंडोज इंक. ड्रायव्हर एका रस्त्याने पाठवतोय आणि प्रोग्राम दुसऱ्याकडे डोळे लावून बसलाय, असं झालं की दाब हरवतो. क्रिटा आणि क्लिप स्टुडिओ या चित्र रंगवायच्या प्रोग्रामांपैकी पहिल्यात टॅबलेटच्या सेटिंगमध्ये आणि दुसऱ्यात प्रेफरन्सेसमध्ये कुठला रस्ता धरायचा ते निवडता येतं. निवड बदलून प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. फोटोशॉप मुळातच विंडोज इंककडे बघतं, म्हणून ड्रायव्हरमध्ये त्याची खूण काढली की तिथला दाब जातो. खूण काढूनच काम करायचं असेल तर फोटोशॉपच्या सेटिंग फोल्डरमध्ये छोटी मजकूर-फाइल ठेवून त्याला विनटॅबकडे वळवावं लागतं. अडोबीच्या मदत पानांवर त्या फाइलचं नाव आणि मजकूर दिलेला आहे.

खूण काढावीशी का वाटते? कारण विंडोज इंक चालू असताना पेन क्षणभर टेकवून धरलं की गोल कडं उमटतं आणि उजवी क्लिक होते. हळू, विचार करत रेघ काढणाऱ्याला हे कडं जीव नकोसा करतं. त्यावर आधी सोपा इलाज करून बघा: कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पेन अँड टच’मध्ये जाऊन ‘प्रेस अँड होल्ड’ बंद करा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

मॅकवर दुखणं वेगळं. तिथे ड्रायव्हरला गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’ आणि ‘इनपुट मॉनिटरिंग’ अशा दोन परवानग्या द्याव्या लागतात. प्रणालीची मोठी आवृत्ती बदलल्यावर पेन अर्धवट चालायला लागलं तर आधी याच दोन परवानग्या काढून पुन्हा द्या. लिनक्सवाले इथे नशीबवान: टॅबलेटचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच आहे, जोडला की दाब चालतो, आणि बटणं व मॅपिंग जीनोम किंवा केडीई या डेस्कटॉपच्या सेटिंगमधून लावता येतात.

रेघेची सुरुवात उशिरा उमटते किंवा पहिला तुकडा सरळसोट येतो, असं दिसलं तर ड्रायव्हरमधलं डबल-क्लिकचं अंतर शून्यावर आणा. ते अंतर जास्त असलं की ड्रायव्हर ‘ही दुसरी क्लिक आहे की रेघ?’ याचा निकाल लागेपर्यंत थांबतो. फार कमी जणांना हे माहीत असतं, आणि बारीक रेखाटन करणाऱ्यांना त्याचाच सगळ्यात जास्त जाच होतो.

दाबाचा वक्र, म्हणजे किती दाबाला किती परिणाम हे ठरवणारी रेषा, एकाच ठिकाणी बदला: एक तर ड्रायव्हरमध्ये, नाहीतर प्रोग्राममध्ये. दोन्हीकडे हात घातला की कुठला बदल कशामुळे झाला हे कळायचं बंद होतं. एकाच प्रोग्राममध्ये काम असेल तर ड्रायव्हरमधला दाब मधल्या जागी सोडा. क्लिप स्टुडिओत फाइल मेनूतली दाबाची सोय वापरा; ती काही फटकारे मारायला लावते आणि वक्र स्वतःच बसवते. क्रिटात टॅबलेटच्या पानावर सगळ्या ब्रशना लागू होणारा वक्र आहे. हात जड असेल, म्हणजे फटकारा लगेच पूर्ण जाडीला जात असेल, तर वक्र मधोमध खाली ओढायचा. फार दाबावं लागत असेल तर वर.

बटणं प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी लावता येतात. आठही पहिल्याच दिवशी भरू नका, बोटांना पाठ होत नाहीत. अनडू, शिफ्ट, ब्रश लहान-मोठा आणि ‘प्रिसिजन मोड’ एवढ्यांनी सुरुवात करा. प्रिसिजन मोड दाबून धरला की कर्सर संथ होतो आणि टॅबलेटवरचं मोठं अंतर स्क्रीनवर थोडंसंच होतं. पापण्यांच्या कडेचं काम करताना मोलाचा. सगळं मनासारखं लागलं की ड्रायव्हरच्याच साधनाने सेटिंगचा बॅकअप घेऊन ठेवा. ड्रायव्हर नव्याने टाकायची वेळ आली तर ही एक फाइल पूर्ण संध्याकाळ वाचवते.

रंगवताना

रंगवणाऱ्याने या टॅबलेटकडे वळायचं सगळ्यात पटणारं कारण म्हणजे कल. फोटोशॉपच्या ब्रश सेटिंगमध्ये ‘शेप डायनॅमिक्स’खाली कंट्रोलला ‘पेन टिल्ट’ लावलं, किंवा क्रिटातला तिरकेपणा ओळखणारा कोळशाचा किंवा पेन्सिलचा ब्रश घेतला, की उभ्या पेनाने बारीक रेघ आणि आडव्या पेनाने रुंद छाया, ब्रश न बदलता मिळते. साध्या इंटुओस मीडियमला, म्हणजे सीटीएल-६१०० ला, कल कळतच नाही. त्याचं क्षेत्र २१६ × १३५ मिमी, पातळ्या ४०९६, बटणं ४, पेनाला खोडरबर नाही. यातलं कल सोडून बाकी सगळं चालवून घेता येतं.

फोटोशॉपमध्ये दाबाचा वापर दोन जागी ठरतो: जाडी ‘शेप डायनॅमिक्स’मध्ये, रंगाचा गडदपणा ‘ट्रान्सफर’मध्ये. कंट्रोलशेजारी उद्गारचिन्हाचा त्रिकोण दिसला तर फोटोशॉपला पेन ओळखू आलेलं नाही. वर सांगितलेल्या रस्त्यांच्या भानगडीकडे परत जा. वरच्या पट्टीवर दाबाची दोन छोटी बटणं असतात, ती ब्रशच्या स्वतःच्या सेटिंगवर कुरघोडी करतात. ‘ब्रश काल वेगळा होता’ असं वाटलं तर आधी ती बघा. रेखाटताना जाडी आणि गडदपणा दोन्ही दाबाला बांधा. रंगाचे मोठे सपाट भाग भरताना जाडी मोकळी सोडा, नाहीतर प्रत्येक फटकाऱ्याला निमुळती शेपटी येते आणि भाग भरता भरत नाही.

स्मूदिंग किंवा स्टॅबिलायझर (रेघेतली थरथर गाळणारी सोय) थोडासाच ठेवा. तो वाढवला की रेघ दिसते सुबक, पण पेनाच्या मागे फरफटत येते, आणि हात स्वतः स्थिर व्हायला शिकतच नाही. शाईकामाच्या लांब रेघांपुरता वाढवा, मग पुन्हा खाली आणा.

नजर स्क्रीनवर आणि हात टेबलावर, ही ताटातूट पहिले काही दिवस छळते. स्क्रीनवालं पेन-डिस्प्ले घेऊन ती टाळता येते, पण तिथे मान खाली जाते आणि चित्राचा एक कोपरा हाताखाली झाकला जातो. आधी पेन न टेकवता कर्सर ठरलेल्या बिंदूवर नेऊन थांबवायचा, मग टेकवायचं, असा सराव केला तर रोजच्या अर्ध्या तासाने हात वळणावर येतो. माउस मात्र त्या काळात बाजूला ठेवावा, नाहीतर हाताला दोन हिशेब सांभाळावे लागतात.

फोटोचं काम

रिटचिंग करणाऱ्याचा मॉनिटर बहुधा कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग अचूक दाखवेल असा जुळवलेला असतो. बिनस्क्रीनच्या टॅबलेटचा मोठा फायदा हाच, की रंगांचा निवाडा त्याच मॉनिटरवर होत राहतो. दुसऱ्या पडद्याच्या रंगांशी जुळवाजुळव करावी लागत नाही.

डॉज आणि बर्न, म्हणजे फोटोचे निवडक भाग उजळणं आणि गडद करणं, हे पेनाचं हक्काचं काम. फाइल आधी १६-बिट करा, नाहीतर गालाच्या किंवा आभाळाच्या मऊ उतारावर पट्टे दिसायला लागतात. मग दोन कर्व्हज लेयर (उजेड-अंधार बदलणारे थर) घ्या, एक उजळणारा, एक गडद करणारा. दोन्हींचे मास्क काळे करा. ब्रशची कड पूर्ण मऊ, फ्लो (रंग सुटण्याचा वेग) १ ते ३ टक्के, ऑपॅसिटी (रंगाचा अपारदर्शकपणा) दाबाला बांधलेली, जाडी मात्र दाबापासून सुटी. पांढऱ्या रंगाने मास्कवर हलके फटकारे मारत जायचं. ५० टक्के राखाडी भरलेला सॉफ्ट लाइट लेयरही चालतो आणि पटकन होतो, पण त्वचेवर त्याने रंगाची तीव्रता हलते. कर्व्हजमध्ये ती नंतर आवरता येते. माउसने हेच काम करताना प्रत्येक फटकारा सारख्याच जोराचा पडतो आणि डाग-डाग दिसतात. पेनाने फटकाऱ्याची सुरुवात आणि शेवट आपोआप विरतो, म्हणून जोड दिसत नाही.

क्लोन स्टॅम्पला मात्र उलट नियम. तिथे ऑपॅसिटी दाबाला बांधू नका. हलक्या दाबाने अर्धपारदर्शक क्लोन झालं की खालचं आणि वरचं पोत एकमेकांत मिसळतं, बारीक दाणा पुसला जातो आणि ती जागा मेण लावल्यासारखी दिसते. पूर्ण ऑपॅसिटी, मध्यम मऊ कड, आणि जाडी दाबाला बांधलेली: लहान डागाला हलका स्पर्श, मोठ्याला जरा जोर. वेगळ्या रिकाम्या लेयरवर काम करा आणि नमुना ‘करंट अँड बिलो’वर ठेवा.

केसांचा मास्क करताना दोन-चार पिक्सेलचा ब्रश घ्या, जाडी दाबाला बांधा आणि फटकारा मुळाकडून टोकाकडे नेत पेन उचलत जा. टोक आपसूक निमुळतं येतं. चुकलेलं खोडायला पेन उलटं करून खोडरबर वापरायचा मोह होतो. मास्कवर तो अंगठ्याने ब्रशचा काळा-पांढरा रंग अदलाबदल करण्यापेक्षा हळू पडतो. ही अदलाबदल करणारी एक्सची कळ एखाद्या बटणावर ठेवा.

पेन कुठे नको? स्लायडर ओढायला. मूल्य हवं तिथे आणून पेन उचलताना निब किंचित सरकते आणि आकडा एक-दोन घरं पुढेमागे जातो. आकड्याच्या चौकटीत टेकवून बाणाच्या कळांनी बदल करा. बारीक मेनू आणि चौकोनी खुणांवर टिचकी मारतानाही असंच होतं: टिचकीऐवजी ओढलं जातं.

जे फारसं उपयोगी नाही

टच रिंगवर बोट फिरतं, पण तिला खाचा नाहीत. झूमला ठीक, ब्रशच्या जाडीला मात्र हवं त्याच्या पुढे जातं आणि परत यावं लागतं. २०२५ साली आलेल्या नव्या इंटुओस प्रोमध्ये खरोखर फिरणाऱ्या चकत्या आल्या, ते योग्यच झालं. दोन बोटांनी झूम आणि पॅन करायची बहुस्पर्शाची सोय ऐकायला बरी, पण रंगवताना तळहात टेकला की मध्येच चित्र सरकतं. कडेला ती बंद करायची सरकती कळ आहे, बंदच ठेवा. ब्लूटूथवर बॅटरी १० तासांपर्यंत जाऊ शकते. मेनू आणि मास्कपुरतं ते चालतं, पण वेगात रेखाटताना रेघ हाताच्या किंचित मागे राहिल्याचं जाणवतं. केबल लावून काम करा. टॅबलेटकडचं तिचं टोक काटकोनात आहे; वायर ताणलेली असेल तर सगळा भार पोर्टवर येतो, म्हणून थोडी सैल ठेवा.

अचानक बंद पडलं तर

झोपी गेलेला संगणक जागा झाल्यावर दाब गायब होणं नवीन नाही. पूर्ण रीस्टार्टची गरज नसते: विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत ‘वॅकॉम प्रोफेशनल सर्व्हिस’ शोधून ती पुन्हा सुरू करा, मग प्रोग्राम उघडा. हा क्रम महत्त्वाचा, कारण प्रोग्राम आधीच उघडा असेल तर त्याला पेन सापडत नाही. दुसऱ्या कंपनीच्या टॅबलेटचा ड्रायव्हर आधीपासून संगणकावर असेल तर तो काढून टाका. दोन ड्रायव्हर एकाच रस्त्यासाठी भांडतात आणि बिघाड दरवेळी वेगळा दिसतो.

वापरलेला घेताना

मॉडेल जुनं असल्याने वापरलेले नग बरेच विकायला दिसतात, आणि नीट पारखून घेतला तर तो सौदा चांगलाच. पृष्ठभाग उजेडात तिरका धरून बघा. मधला चकचकीतपणा चालेल, पत्री बदलता येते, पण पत्रीखालच्या थरापर्यंत गेलेला ओरखडा नको. केबल लावून टोक हळूच हलवा, जोडणी तुटत असेल तर पोर्ट सैल झालाय. पट्टीला टेकवून तिरकी रेघ अगदी सावकाश काढा: किंचित लाट सगळ्याच टॅबलेटवर दिसते, पण एका ठरावीक जागी रेघ दरवेळी वाकत असेल तर तिथली जाळी बिघडलेली असू शकते. पेन नुसतं त्याच्या वजनाने फिरवून फिकट रेघ येते का बघा, मग हवेत धरून आपोआप काही उमटत नाही ना तेही बघा. आठही बटणं आणि खोडरबर दाबून पाहा. पेनाशिवाय विकायला ठेवलेला नग सहसा सोडून द्यावा, कारण पेन वेगळं घेणं महागात पडतं आणि साध्या इंटुओसचं पेन यावर चालत नाही.